नित्य योगाभ्यास (कोकण किनारपट्टी)

घरी, देवळाच्या सभामंडपात किंवा वाडीतल्या पाच-दहा जणांनी एकत्र जमून रोज ठरल्या वेळी केलेली आसने, सूर्यनमस्कार, प्राणायाम व ध्यान यांची साधना. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्टीत ही साधना दोन वाटांनी रुजली. एक वाट घरच्या संध्येतून आणि देवळालगतच्या तालमीतून आली, दुसरी विसाव्या शतकात मुंबई-ठाण्याच्या योगसंस्थांतून.

पतंजलीने अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत (योगसूत्र १.१४) : दीर्घ काळ, खंड न पडणे आणि आदर. कोकणात कस लागतो तो दुसरीचा. चार महिने कोसळणारा पाऊस, भाताची लावणी आणि कापणी, गणपती, शिमगा आणि पोटासाठी मुंबई गाठणारी माणसे एवढे सगळे सांभाळून रोजचा नेम चालवायचा असतो.

पूर्वपीठिका

मुंज झालेल्या मुलाला संध्येबरोबर प्राणायाम शिकवला जाई. नाक धरायचे, मनात गायत्री म्हणायची, श्वास सोडायचा. पुष्कळांचे योगशिक्षण एवढ्यावरच थांबे. शिवाय ही वाट मुंज होणाऱ्या जातींच्या पुरुषांपुरतीच होती. तालमीचे दार त्या मानाने मोकळे. मारुतीच्या देवळाशेजारी जोर-बैठका काढणाऱ्या पोरांत गावातल्या अनेक जातींची मुले असत.

सूर्यनमस्कार या दोहोंच्या मध्ये येतो. ऋग्वेदातील तीन ऋचा म्हणत घालायचे तृचाकल्प नमस्कार हा पूजाविधी. तालमीतला नमस्कार हा व्यायाम. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत मात्र तो आसन म्हणून येत नाही. हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसनांचे वर्णन आहे, त्यात सूर्यनमस्कार नाही. उलट त्या ग्रंथावरील ‘ज्योत्स्ना’ टीकेत ब्रह्मानंदाने फार सूर्यनमस्कार घालणे हे शरीराला क्लेश देणाऱ्या, म्हणून योग्याने टाळावयाच्या गोष्टींत धरले आहे. आज ‘योगाला जातो’ म्हणणारा माणूस आधी बारा नमस्कारच घालतो, याचे बरेचसे श्रेय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांना जाते. त्यांच्या प्रचारामुळे नमस्कार शाळांत पोचला, आणि शाळेत अंगवळणी पडलेले सहसा सुटत नाही.

ध्यानाचा प्रवाह वेगळा आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला पावस येथे राहिलेले स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) नाथपरंपरेतले. श्वासाबरोबर चालणारी सोऽहं (‘तो मीच’) साधना ही तिथली मुख्य शिकवण. ‘ज्ञानेश्वरी’चा सहावा अध्याय पारायणात वाचला जातोच, त्यातले कुंडलिनीचे (शरीरात सुप्त मानलेल्या शक्तीचे) वर्णन ऐकून कोणी उद्यापासून आसनाला बसत नाही, पण योग हा शब्द परका राहत नाही. आसने न करता नुसते सोऽहंला बसणारी वडीलधारी माणसे या भागात आहेत. त्यांना योगाभ्यासी म्हणू नये असे मानणाऱ्यांचे मत प्रस्तुत नोंदीत स्वीकारलेले नाही.

दुसरी वाट मुंबईची. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी घाटमाथ्यावर लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले. दोघेही गुजरातेतील मालसरच्या माधवदासजींचे शिष्य. ठाण्यात १९६५ पासून घंटाळी मित्र मंडळ आहे. अशा वर्गांत शिकलेला चाकरमानी निवृत्त होऊन गावी परतला, की देवळात वर्ग सुरू होण्याची शक्यता वाढते. वर्ग घेणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, बँकेतले कर्मचारी आढळतात ते यामुळेच.

जागा आणि वेळ

जाहिरातींत कोकणातला योग पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, दिसतो. रोजच्या अभ्यासाला पुळण सोयीची नाही. कोरडी वाळू पायाखालून सरकते आणि एका पायावरच्या वृक्षासनात तोल राहत नाही. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, पण ती पहाटे मिळेलच असे नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. तिथीला पाऊण तासाने गुणावे, येईल ती भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेले असते. अमावास्या-पौर्णिमेला त्याच वेळी ओहोटी असते आणि किनारा रुंद मिळतो. म्हणजे वेळ कायम ठेवली तर जागा बदलते आणि जागा धरली तर वेळ. आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्यांच्या लक्षात उशिरा येते. इथे सूर्य डोंगराकडून उगवतो, त्यामुळे सूर्याला नमस्कार घालायचा तर समुद्राकडे पाठ करावी लागते.

म्हणून अभ्यास होतो तो खळ्यात, पडवीत, ग्रामदेवतेच्या सभामंडपात, शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात. सभामंडप प्रशस्त, पण त्याला देवळाचे नियम लागू होतात. सोयर-सुतक असलेला माणूस तितके दिवस येत नाही. पाळी असताना देवळाची पायरी न चढणाऱ्या बायकांचा तर दर महिन्याला खंड पडतो. बायकांचे वर्ग शाळेत किंवा कोणाच्या तरी ओटीवर भरतात, त्यामागे हे एक न बोललेले कारण आहे.

बैठकीसाठी गीतेने दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र सांगितले. इथे चटई, घोंगडी किंवा सतरंजी. रबरी मॅट आता सगळीकडे मिळतात, पण दमट हवेत घामाने त्यांवरून हात घसरतो आणि पावसाळ्यात गुंडाळून ठेवल्या की बुरशी धरतात. साधी सतरंजी उन्हाची तिरीप आली की वाळत घालता येते.

पहाटेचा वर्ग सर्वांना सोयीचा असतो हा शहरी समज आहे. मच्छीमाराची होडी पहाटे समुद्रात असते किंवा बंदराला लागत असते, आणि मासळी विकणारी बाई त्याच वेळी पाटी भरत असते. किनाऱ्यावर असूनही कोळीवाड्यांतून या वर्गांना येणारी माणसे थोडी, त्याचे कारण आवड-नावड नसून घड्याळ आहे. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी चार-साडेचारची वेळ जमते. जेवणानंतर पोट हलके होण्याइतका अवधीही तोवर गेलेला असतो. सकाळी करणारे उपाशीपोटी करतात आणि मग पेज घेतात.

वर्षाची चाल

घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योगाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, इतर ऋतूंत केल्यास रोग होतो, असे म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय योग दिन २१ जूनला येतो (पहिला २०१५ मध्ये झाला). तेव्हा कोकणात मृगाचा पाऊस कोसळत असतो आणि शेतकऱ्याचे लक्ष तरव्यावर (भाताच्या रोपांवर) असते. त्या दिवशी शाळेत कार्यक्रम होतो, छायाचित्रे निघतात; नवा वर्ग त्यातून क्वचितच उभा राहतो. गंमत म्हणजे केंद्र सरकारने त्या दिवसासाठी ठरवलेल्या अभ्यासक्रमात सूर्यनमस्कार नाही, आणि गावकऱ्यांच्या लेखी योग म्हणजे तोच.

वर्ग खरे जमतात ते दिवाळीनंतर. कापणी-मळणी उरकते, खळे नव्याने चोपून सारवले जाते, हवेत गारवा येतो. माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीस, सामूहिक नमस्कार घालतात. हौशी मंडळी १०८ चा संकल्प सोडतात. शिमग्यात पालखी घरोघर फिरू लागली की वर्ग आपोआप बंद पडतो, आणि तो बंद ठेवण्यातच शहाणपण असते. गणपतीतही तसेच.

लावणीच्या दिवसांत शिकवणाऱ्याचा अनुभव कळतो. दिवसभर चिखलात वाकून आवा (भाताची रोपे) लावणाऱ्या बाईला पुढे वाकायला लावणारे पश्चिमोत्तानासन किंवा हस्तपादासन देण्यात अर्थ नाही. पाठ मागे नेणारे भुजंगासन, हलके शलभासन आणि मग मकरासनात पडून राहणे एवढे त्या दिवसांत पुरते. नमस्कारही कमी करावे लागतात, कारण त्यांत दोनदा वाकणे येतेच. पुस्तकातला क्रम बारमाही लावणारे या महिन्यात माणसे गमावतात.

वर्गाची व्यवस्था

फी बहुधा नसते. बल्ब, झाडू, सतरंजी यांची वर्गणी निघते आणि गुरुपौर्णिमेला नारळ-श्रीफळ दिले जाते. शिकवणाऱ्याला पुरुष असल्यास गुरुजी किंवा सर, स्त्री असल्यास ताई किंवा बाई म्हणतात. वर्ग एका माणसावर उभा असेल तर तो मुलाकडे मुंबईला गेल्यावर मोडतो. हे इतक्या ठिकाणी घडते की आता काही जण सुरुवातीपासूनच दोघा-तिघांना मोजणी आणि मंत्र सांगायला लावतात. ‘ॐ मित्राय नमः’पासून ‘ॐ भास्कराय नमः’पर्यंतची बारा नावे ज्याला क्रमाने येतात, त्याच्याकडे दुसऱ्या दिवसाची पाळी जाते. गुडघे गेलेले खुर्चीवर बसून प्राणायामापुरते येतात. त्यांचीही हजेरी लागते.