अनिवार्य परवाना (औषधे)

पेटंटधारकाची संमती नसताना त्याचे औषध बनवून विकण्याची मुभा दुसऱ्या उत्पादकाला देण्याची कायदेशीर तरतूद. यात पेटंट रद्द होत नाही. मालकी मूळ कंपनीकडेच राहते, तिला विक्रीवर रॉयल्टीही मिळते; मोडते ती फक्त मक्तेदारी.

१९७०च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे, तो बनवण्याच्या प्रक्रियेलाच मिळे. २००५पासून रेणूवरही, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचे, पेटंट मिळू लागले आणि याच कायद्यातल्या कलम ८४ला औषधांच्या बाबतीत खरे महत्त्व आले. पेटंट मंजूर होऊन ३ वर्षे उलटल्यावर कोणतीही हितसंबंधित व्यक्ती या कलमाखाली अर्ज करू शकते. जनतेची वाजवी गरज भागत नाही, औषध परवडणाऱ्या किमतीत मिळत नाही किंवा शोधाचा भारतात वापर होत नाही, यांपैकी एक मुद्दा सिद्ध झाला तरी पुरतो.

या कलमाखाली गाजलेला परवाना सोराफेनिबचा. यकृत व मूत्रपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगावर हे औषध देतात. नेहमीची मात्रा २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी. म्हणजे महिन्याला १२० गोळ्या. बायर कंपनीची किंमत महिन्याला २,८०,४२८ रुपये होती, गोळीमागे सुमारे २,३३७. हैदराबादच्या नॅटकोने तेच औषध ८,८०० रुपयांत, गोळीमागे सुमारे ७३ रुपयांना, देण्याची तयारी दाखवली. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी तिन्ही मुद्द्यांवर परवाना दिला. त्यात ६ टक्के रॉयल्टी आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना मोफत औषध देण्याची अट होती. अपिलात रॉयल्टी ७ टक्के झाली. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. संशोधनाचा खर्च मोठा असतो हे खरेच. पण ‘परवडणारी किंमत’ कोणाला परवडणारी, याचे उत्तर नियंत्रकांनी औषध घेणाऱ्याच्या बाजूने दिले, आणि ते योग्यच होते.

बायरचा एक बचाव बारकाईने पाहण्याजोगा आहे. सिप्लाही हे औषध विकते, मग गरज भागतेच, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच वेळी सिप्लाची विक्री थांबवण्यासाठी तिचा न्यायालयात दावा चालू होता. हा बचाव टिकला नाही. केवळ आयात म्हणजे ‘भारतात वापर’ नव्हे, ही नियंत्रकांची भूमिका मात्र उच्च न्यायालयाने सौम्य केली: येथे उत्पादन का शक्य नाही हे पेटंटधारकाने पटवून दिले, तर आयातही वापर ठरू शकते.

अर्ज बहुधा फसतो तो तयारीत. आधी पेटंटधारकाकडे वाजवी अटींवर ऐच्छिक परवाना मागावा लागतो. त्यासाठीचा वाजवी काळ साधारण ६ महिने धरतात. दासाटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधासाठी बीडीआर कंपनीने पत्र पाठवले, पेटंटधारकाने उलट प्रश्न विचारले, कंपनीने उत्तरे दिली नाहीत; २०१३मध्ये अर्ज फेटाळला गेला. सॅक्साग्लिप्टिन या मधुमेहावरील औषधाच्या अर्जात गरज किती आणि तुटवडा किती हे आकड्यांनिशी दाखवता आले नाही, शिवाय त्याच गटातली दुसरी औषधे बाजारात होती. तोही २०१६मध्ये नामंजूर झाला. म्हणून रुग्णसंख्या, पुरवलेली पाकिटे आणि किंमत यांचा हिशेब अर्जाआधीच जमवावा लागतो. पेटंटधारकांनी भरायचे वापराचे विवरणपत्र, फॉर्म २७, पूर्वी यासाठी फार उपयोगी पडे. बायरच्या प्रकरणात पुरवठ्याचे तुटपुंजे आकडे कंपनीच्याच विवरणातून पुढे आले.

राष्ट्रीय आणीबाणीत किंवा साथीच्या काळात केंद्र सरकारने कलम ९२ची अधिसूचना काढली, तर ३ वर्षांची अट राहत नाही. कलम १००खाली सरकार स्वतःच्या वापरासाठीही पेटंट वापरू शकते. जागतिक व्यापार संघटनेच्या २००१च्या दोहा जाहीरनाम्यानुसार परवान्याची कारणे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाकडे आहे. रुग्णाला अर्ज करण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र गोळ्या बनवण्याची क्षमता दाखवावी लागत असल्याने अर्ज प्रत्यक्षात जेनेरिक कंपनीच करू शकते, आणि तिने पेटंटधारकाशी ऐच्छिक करार केला की ही वाट तिथेच थांबते.