क्वेक ३ चं इंजिन प्रयोगशाळेत कसं पोचलं

इड सॉफ्टवेअरचा 'क्वेक ३ अरिना' हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम डिसेंबर १९९९ मध्ये आला, तेव्हा तो खेळण्यासाठी अनेकांना आधी ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावं लागलं. आधीचे दोन क्वेक नुसत्या प्रोसेसरवरही चालायचे. तिसऱ्यात ती सोयच काढून टाकली आणि चित्र काढण्याचं सगळं काम ओपनजीएल या ग्राफिक्सच्या इंटरफेसमार्फत कार्डाकडे गेलं.

ऑगस्ट २००५ मध्ये इंजिनचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला झाला. टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं), नकाशे, पात्रं मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली. संशोधकांच्या दृष्टीने ही मोठीच मेख, कारण प्रयोग दुसऱ्या कुणालाही करून बघता आला पाहिजे. कोडची देखभाल 'आयओक्वेक३' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने केली. त्यांनी रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, इंजिनपासून सुटा केला. त्यामुळे जुना ठेवायचा की शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) वापरणारा नवा लावायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

याच कोडवर डीपमाइंड या एआय कंपनीने आपली 'लॅब', म्हणजे एआयला शिकवण्याचं त्रिमितीय जग, उभी केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती खुली केली. इथे ग्राफिक्स सुधारणेचा अर्थच बदलतो. मल्टिप्लेअर सामने शिकणाऱ्या त्यांच्या एजंटांना (खेळणाऱ्या एआय प्रोग्रामांना) मिळणारं चित्र होतं जेमतेम ८४ × ८४ पिक्सेलचं. गेमर पाहतील तर हसतील. अडचण वेगळीच होती. सर्व्हरला स्क्रीनच नसते, मग चित्र उमटवायचं कुठे? त्यासाठी इंजिनला पडद्याविना, थेट मेमरीत चित्र काढायला लावलं. कार्ड असेल तर ईजीएल हा पडद्याविना कार्ड वापरू देणारा इंटरफेस, नसेल तर ओएसमेसा ही लायब्ररी, म्हणजे निव्वळ प्रोसेसर. १९९९ मध्ये हाकलून दिलेली पद्धत अशी मागच्या दाराने परत आली! रंगांसोबत प्रत्येक पिक्सेलची खोली, म्हणजे तिथली वस्तू किती दूर आहे हेही मागता येऊ लागलं. घड्याळही इंजिनच्या हातून काढून घेतलं: एजंटने चाल दिली की खेळ तेवढाच पुढे सरकतो.

मे २०१९ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात या इंजिनवरच्या 'कॅप्चर द फ्लॅग' (प्रतिस्पर्ध्याचा झेंडा पळवण्याचा सांघिक खेळ) या खेळाचा शोधनिबंध आला. ३० एजंट एकमेकांत खेळून शिकले होते, तेही दर सामन्याला नव्या नकाशावर. यंत्राची बोटं चपळ म्हणून ते जिंकतात, अशी शंका येणारच. म्हणून त्यांच्या प्रतिसादाला सुमारे पाव सेकंद उशीर लावून पाहिला, तरी माणसांवर त्यांची सरशी कायम राहिली.