मोटारीचे विशेष रंगलेप

साध्या एकरंगी लेपाऐवजी जादा किमतीला मिळणाऱ्या मेटॅलिक, पर्ल, तीन थरी आणि मॅट लेपांना मोटारीचे विशेष रंगलेप म्हणतात. मोटार घेताना भरलेली जादा रक्कम एकदाच जाते. दुरुस्तीचा वाढीव खर्च मात्र प्रत्येक धक्क्याला येतो, म्हणून लेप निवडताना आधी त्याचा विचार करावा.

पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग देणारा बेस कोट आणि पारदर्शक क्लिअर कोट असतात. सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते. ओरखड्यावरून नख फिरवून ते अडकले नाही, तर तो बहुधा क्लिअर कोटपुरताच असतो आणि पॉलिशने जातो. नख अडकले तर सहसा पॅनेल, म्हणजे दार किंवा बॉनेटसारखा तो अख्खा भाग, रंगवावे लागते.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. रंग फवारायची गन किती अंतरावर धरली, हवेचा दाब किती होता, थर ओला बसला की कोरडा, यावर ते आडवे पडतात की तिरके, हे ठरते. त्यामुळे एकाच कोडचा, एकाच डब्यातला रंगही कारखान्यातल्या छटेशी जुळेलच असे नाही. रुपेरी रंग दिसायला साधा, पण जुळवायला फार अवघड. फरक डोळ्यांत भरू नये म्हणून शेजारच्या पॅनेलवर रंग विरत नेतात. याला ब्लेंडिंग म्हणतात. ओरखडा फक्त पुढच्या दारावर असला तरी फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि मागचे दारही कामात येते. बिल फुगते ते रंगाच्या किमतीपेक्षा या मजुरीने.

पर्लमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेले अभ्रकाचे कण वापरतात. तीन थरी लेपात बेस आणि क्लिअर यांच्यामध्ये अर्धपारदर्शक थर असतो. माझदाने २०१६ मध्ये आणलेला सोल रेड क्रिस्टल हा लाल रंग याच जातीचा. मधल्या थराचा एक हात जास्त बसला तरी छटा गडद होते, म्हणून कारागिराला आधी दोन, तीन, चार हातांची नमुना-कार्डे रंगवून पाहावी लागतात. हे काम टाळणाऱ्याकडे असा रंग देऊ नये.

मॅटचा प्रश्न वेगळाच आहे. त्याच्या क्लिअर कोटचा पृष्ठभाग सिलिकासारख्या पदार्थांनी सूक्ष्म खडबडीत केलेला असतो, त्यामुळे प्रकाश विखुरतो. पॉलिश केले की तो खडबडीतपणा सपाट होऊन चकाकता डाग पडतो, आणि तो डाग परत मॅट होत नाही. बारीक ओरखड्यासाठीही बहुधा पूर्ण पॅनेल नव्याने फवारावे लागते. गाडी हाताने धुणे आणि छपराखाली ठेवणे जमत नसेल, तर मॅट घेऊच नये.

बॉनेट आणि पुढच्या बंपरला रस्त्यावरून उडणाऱ्या खड्यांपासून वाचवायला पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म उपयोगी पडते. मात्र मॅटवर मॅट फिल्मच लावावी लागते.

दुरुस्तीला देताना अंदाजपत्रकात ब्लेंडिंग धरले आहे का, हे विचारावे. नमुना-कार्ड गाडीला टेकवून उन्हात आणि सावलीत, समोरून आणि तिरके पाहावे. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते.