आंबवणाचे भांडे आणि धातूची निवड : पार्श्वभूमी

सोलापूर परिसरात ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील आजही अनेक घरांत होते, आणि द्राक्षांच्या हंगामात घडांतून सुटलेल्या मण्यांचे व्हिनेगर करून पाहणारेही आहेत. अशा कामासाठी टाकी, तोटी आणि नळ्या स्वतः जुळवू लागले की धातूचा प्रश्न लगेच पुढे येतो. परदेशांत घरी बिअर करणाऱ्यांनी या प्रश्नाचा बराच खल केला आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा असल्याने येथे त्या अनुभवाचा उपयोग व्हिनेगर आणि आंबील यांपुरताच आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी आम्ल आणि काळ या दोन गोष्टी आहेत. बिअरचा सामू (पीएच; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) आंबल्यानंतर चार ते साडेचारपर्यंत उतरतो, द्राक्षाच्या वाइनचा तीन ते चार असतो आणि व्हिनेगरचा त्याहूनही खाली जातो. युरोपातील मद्यशाळांनी माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याचे) पाणी उकळण्यासाठी शतकानुशतके तांब्याच्या कढया वापरल्या, पण तेच पाणी आंबण्यासाठी मात्र लाकडी पिंपांत ठेवले. उकळण्याचे काम काही तासांत संपते आणि तेव्हा आंबटपणाही कमी असतो. आंबवण मात्र दिवसेंदिवस भांड्याला लागून राहते.

आपल्या स्वयंपाकघरांनी हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकते, म्हणून लोणचे चिनी मातीच्या बरणीत आणि आंबील मातीच्या भांड्यात ठेवली जात असे. कल्हई म्हणजे नवसागराने साफ केलेल्या तापल्या भांड्यावर चढवलेला कथलाचा पातळ थर. तो झिजतो, आणि कथलात शिसे मिसळलेले असेल तर संरक्षणाऐवजी अपायच होतो. शिशाचा धोका किती खरा आहे हे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात दिसले होते. तेथे सफरचंदाचे आंबवलेले पेय पिणाऱ्यांना होणारा तीव्र पोटशूळ रस काढण्याच्या यंत्रांतील शिशामुळे होतो, हे जॉर्ज बेकर या वैद्याने १७६७ मध्ये दाखवून दिले.

तांब्याबाबतचा सर्वांत वेदनादायक धडा मात्र आपल्याच राज्यातून आला. लहान मुलांच्या यकृताचा एक प्राणघातक आजार आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले दूध यांचा संबंध पुण्याच्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये मांडला. घरांतून ती भांडी मागे पडत गेली, तसा तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. दुधाची ही गत असेल, तर त्याहून कितीतरी आंबट व्हिनेगर अशा भांड्यात आठवडेच्या आठवडे ठेवण्याचे समर्थन करता येत नाही.

पुढे ॲल्युमिनियम स्वस्त झाले, पण तेही आम्लात आणि मिठात खाल्ले जाते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर आंबवणासाठी सर्वस्वी वर्ज्य आहे, कारण आम्लात जस्त विरघळते आणि असे पेय पोटात गेल्यावर मळमळ व उलट्या होतात.

शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील, ओतले आणि त्याच सुमारास जर्मनीत क्रोमियम-निकेलचे पोलाद तयार झाले. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर त्याचे रक्षण करतो. आज ज्याला ३०४ म्हणतात त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि आंबवणाच्या टाकीसाठी तेच योग्य आहे. भारतीय बाजारात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले २०० मालिकेतील स्वस्त स्टीलही भरपूर मिळते आणि ते आम्ल व मिठापुढे कमी टिकते. दुकानात लोहचुंबक लावून पाहण्याची रीत येथे फसवी ठरते, कारण ३०४ प्रमाणे हे स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही. म्हणून बिलावर दर्जा लिहून घेणे हेच बरे.

चादरी-टॉवेलांच्या या शहरात रंगाईच्या कामातून निघालेले पिंप भंगारात स्वस्त मिळाले, तरी ते घेऊ नये. स्टील कितीही चांगले असले तरी आधी त्यात कोणती रसायने होती हे कळायला मार्ग नसतो. पितळी तोटीतही यंत्रकाम सोपे व्हावे म्हणून थोडे शिसे मिसळलेले असू शकते, तेव्हा तोटीही स्टीलचीच घ्यावी. तोटीसाठी टाकीला वेल्डिंग केले असेल, तर सांध्याभोवती उमटलेला निळसर-तपकिरी डाग घासून आणि आम्लाने साफ करून घ्यावा, कारण तेवढ्या जागेवरचा संरक्षक थर बिघडलेला असतो आणि गंज तेथूनच सुरू होतो.