संगीतोपचारकाला मास्टर्स हवी का? एका अनिर्णित वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत संगीतोपचाराचं रीतसर शिक्षण दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभं राहिलं. जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत वादक येऊन वाजवत. रुग्णांना गुण येतो हे डॉक्टरांना दिसे आणि वादकांना आजाराची जाण नाही, हेही दिसे. १९४४ मध्ये मिशिगनमध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि पदवी हीच व्यवसायाची पहिली पायरी ठरली. पुढे १९५० आणि १९७१ मध्ये दोन संघटना निघाल्या, दोघींकडच्या उपचारकांच्या नोंदण्या वेगळ्या. १९८५ पासून उपचारकांसाठी देशभर एकच पात्रता परीक्षा आली, १९९८ मध्ये संघटनाही एक झाल्या.

खरा पेच त्यानंतरचा. चार वर्षांच्या पदवीतला ४५ टक्के भाग संगीतालाच जातो. मानसशास्त्र, शरीरशास्त्र वगैरेंना १५ टक्के, खुद्द संगीतोपचाराला १५ टक्के. शिवाय किमान १,२०० तास प्रत्यक्ष काम, त्यात निदान ९०० इंटर्नशिपचे. काम मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांपासून अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णांपर्यंत पसरत गेलं. म्हणून २०१० च्या दशकात प्रस्ताव पुढे आला: मास्टर्सशिवाय व्यवसायात प्रवेश नको. चित्रकला आणि नृत्याच्या माध्यमातून उपचार करणाऱ्यांना ही अट होतीच. विरोधकांचं म्हणणं, विद्यार्थी कर्जात बुडतील, फक्त पदवी चालवणारे छोटे विभाग बंद पडतील. अनेक वर्षं खल झाला, अट काही लागू झाली नाही. कर्जाची काळजी रास्तच होती. पण मानसिक आघातातून आलेल्या माणसासमोर बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला एवढ्या शिदोरीवर बसवायचं का, या प्रश्नाचं वजन मला त्याहून जास्त वाटतं.

परिणामी मास्टर्सच्या एकाच वर्गात दोन तऱ्हेचे विद्यार्थी बसतात. काही जण परीक्षा देऊन, कामाचा अनुभव घेऊन पुढचं शिकायला आलेले. बाकीचे गायन किंवा पियानोची पदवी घेतलेले; ते ‘इक्विव्हॅलन्सी’च्या वाटेने पदवीचे राहिलेले विषय आणि इंटर्नशिप इथेच उरकतात. त्यांच्यासाठी मास्टर्स म्हणजे बरीचशी सुरुवातच. दोघांच्या हातात मास्टर्स तीच पडते. नोकरी देणाऱ्याला फरक कळायचा कसा?

या प्रस्तावाच्या आधीच न्यूयॉर्क राज्याने २००२ च्या कायद्याने सर्जनशील कलोपचाराच्या (यात संगीतोपचारही आला) परवान्यासाठी मास्टर्स सक्तीची केली. त्यामुळे देशाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पदवीधरालाही तिथला परवाना मिळत नाही.