मनीऑर्डरपासून बक्षीसपत्रापर्यंत : कोकणातल्या म्हातारपणाच्या तजविजीची पार्श्वभूमी

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. गाव सोडून गेलेले बहुतेक कमावत्या वयाचे होते. आईवडील, विधवा काकी, आत्या मागे राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वर्षानुवर्षं कोण सांभाळणार, त्याचे पैसे कुठून येणार आणि त्याच्या वतीनं सही कोण करणार, हे प्रश्न आता कोकणातल्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यांची मुळं मात्र शंभर-सव्वाशे वर्षांमागे जातात.

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तसा कोकणातला तरुण बोटीनं मुंबईला जाऊ लागला. बायको, मुलं आणि म्हातारे आईबाप गावीच राहिले. १८८० साली टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली आणि या घरांना महिन्याचा आधार मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायकांची संख्या जास्त असणं हे तेव्हापासूनचं आहे. २०११ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. पैसा मुलगा पाठवायचा, देखभाल सून करायची आणि म्हातारी माणसं घर, गुरं, शेत राखायची. ही व्यवस्था चांगली चालली, पण ती कुठंही लिहिलेली नव्हती. ‘माझो झील माका बघतलो’ (माझा मुलगा मला बघेल) एवढ्या भरवशावर ती उभी होती. मुंबईतली खोली मुलाच्या नावावर करून म्हातारपणी गावी परतलेल्या कित्येक गिरणी कामगारांनी त्या खोलीच्या बदल्यात एक ओळही लिहून घेतली नव्हती.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानं या व्यवस्थेचा कणा मोडला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले आणि त्यातले पुष्कळजण कोकणातले होते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. त्यातून निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे मिळत, दरमहा काही मिळत नसे. १९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना नोकरीत असताना कामगार वारला तर त्याच्या घरच्यांसाठी होती. कामगाराला स्वतःला पेन्शन देणारी योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. तोवर संपात उद्ध्वस्त झालेले पुष्कळजण हिशेब घेऊन गावी परतले होते. हातात आलेला फंड घराची कौलं, विहीर, मुलीचं लग्न यांत संपला. पुढच्या वीस-तीस वर्षांच्या जगण्याची सोय त्यात नव्हती, आणि हे त्यांना सांगणारंही कोणी नव्हतं. ज्यांना १९९५ ची पेन्शन लागू झाली त्यांच्यासाठी दरमहा किमान १००० रुपये ही रक्कम ठरायला सप्टेंबर २०१४ उजाडावं लागलं. दिवसरात्र राहणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

सरकारी मदतीचा प्रवासही असाच थेंबाथेंबानं झाला. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन ऑगस्ट १९९५ मध्ये महिना ७५ रुपयांनी सुरू झाली. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून १५०० रुपये मिळू लागले, तेही ज्यांचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे अशा पासष्टीपुढच्यांना. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हे मोठं पाऊल आहे. पण ते रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. अर्धांगानं आडवं पडलेल्याला कूस बदलून देणं, भरवणं, स्वच्छ करणं हा खरा खर्च घरी होतो आणि तो या कार्डात येत नाही. बाजारातल्या नेहमीच्या आरोग्य विम्यातही तो येत नाही.

मग उरते ती जमीन. कोकणी माणसाला वाटतं की बाग आहे, घर आहे, म्हणजे म्हातारपण सुटलं. आंब्याची कलमं करारानं दिली तर वर्षाकाठी एक रक्कम येतेही. अडचण सातबाऱ्यावर आहे. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता, १९४९ च्या कायद्यानं गेली आणि १९४८ च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर कसणारे मालक झाले. हा न्याय फार मोलाचा होता. पण मालकी आली ती बहुधा घराच्या कर्त्याच्या नावानं, आणि तो वारल्यावर वारस नोंदीनं खाली एकेक नाव वाढत गेलं. वाटप झालंच नाही. आज एका सातबाऱ्यावर चुलते, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या, बोरिवलीतला आणि पुण्यातला सहहिस्सेदार, अशी नावांची रांग असते. तोंडी वाटपानं ज्याच्या वाट्याला जी कलमं आली तो ती खातो. कागद मात्र सामायिक. ऑपरेशनसाठी तुकडा विकायचा म्हटलं तरी सगळ्यांच्या संमतीशिवाय गिऱ्हाईक पुढे येत नाही.

घर तारण ठेवून दरमहा पैसे देणारी रिव्हर्स मॉर्गेज योजना २००७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनं तिचे नियम घातले. शहरात फ्लॅट एकट्याच्या नावावर असतो, त्याला ती सोयीची. कोकणात घरं वाड्यावाड्यांवर विखुरलेली, पुष्कळदा गावठाणाबाहेर, सामायिक सातबाऱ्याच्या जमिनीत उभी. ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला आबांचं नाव आणि जमिनीवर बारा जणांची. अशा घरावर ते कर्ज मिळणं अवघडच. म्हणून माझ्या मते कोकणात म्हातारपणाच्या नियोजनाची पहिली पायरी विमा किंवा ठेव ही नाही. हातपाय चालत असताना वाटणीपत्र करून घेणं, ही आहे.

कायद्यात आईबाप कधी आले

जुन्या हिंदू कायद्यात म्हाताऱ्या आईबापांना पोसणं हे मुलाचं कर्तव्य होतंच. मुंबई इलाख्यात चालणाऱ्या मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या शाखेत मुलगे वेगळे होताना आईला वाटा देण्याचीही तरतूद होती. प्रत्यक्षात त्या वाट्याची पाळी झाली : चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं वृद्ध किंवा अशक्त आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे. सावंतवाडी किंवा चिपळूणच्या कोर्टात वर्षानुवर्षं खेटे कोणत्या म्हाताऱ्यानं घालायचे?

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली पोटगी बायको-मुलांपुरती होती. १९७३ च्या नव्या संहितेच्या कलम १२५ मध्ये आईवडील आले, पण महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ पर्यंत तशीच राहिली. लग्न झालेली मुलगीही जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये विजया अरबट खटल्यात स्पष्ट केलं.

खरा बदल २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानं झाला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. साध्या कागदावरचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो, वकील उभा करावा लागत नाही आणि निकालासाठी ९० दिवसांची मुदत आहे. मूलबाळ नसलेल्यांचा विचार या कायद्यानं केला, ही मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते : ज्याच्या ताब्यात त्या वृद्धाची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशानं मिळणार आहे, त्या नातेवाइकावर निर्वाहाची जबाबदारी येते. निपुत्रिक काकीच्या हिश्श्याची कलमं खाणाऱ्या पुतण्याला हा नियम लागू पडतो. काकीला तो माहीत नसतो.

उणिवाही आहेत. पोटगीची मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेवली गेली. प्रत्यक्ष सांभाळ बहुतेक घरांत सून करते, पण मुलांच्या व्याख्येत सून-जावई नाहीत. तिच्या कष्टांची दखल तर कुठल्याच कलमात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेलं दुरुस्ती विधेयक ही मर्यादा काढणारं आणि सून-जावयांना व्याख्येत आणणारं होतं. सभागृहाची मुदत संपली आणि ते रद्द झालं.

बक्षीसपत्राची घाई

२०१५ मध्ये महाराष्ट्रानं राहतं घर आणि शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणलं. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे. हेतू चांगला होता. पण स्वस्त झाल्यामुळे ‘आताच नावावर करून टाका, नंतर कटकट नको’ ही घाई घरोघर वाढली, आणि गणपतीला आलेल्या मुलांसोबत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन अंगठा देणारी आजी आपल्याच घरात पाहुणी झाली.

२००७ च्या कायद्याचं कलम २३ यावरच आहे. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. अट मात्र हवी. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात त्याच न्यायालयानं कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूनं उदारपणे लावावा असं सांगून बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि ताबाही परत देवविला. त्या खटल्यात आईच्या हातात मुलानं सांभाळाची हमी दिल्याचे कागद होते. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात अन्न, औषध, सोबत आणि त्याच घरात राहण्याची अट शब्दांत यायला हवी. घरात तहहयात राहण्याचा आणि बागेचं उत्पन्न घेण्याचा हक्क राखून दिलेलं बक्षीसपत्रही वैध असतं, हे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं आहे. त्याहून सोपा मार्ग मृत्युपत्राचा. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि मन बदललं तर शेवटपर्यंत बदलता येतं. अंथरुणावरच्या माणसासाठी निबंधक घरी येऊन दस्त नोंदवू शकतात, ही सोय नोंदणी कायद्यात आहे. फार थोडे तिचा वापर करतात.

सही कोण करणार

आपल्याकडे बहुतेकांचा भरवसा कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर असतो. मुंबईतल्या मुलाला ते दिलं की सगळं झालं, असा समज आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की त्याचा अधिकार संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंश झाल्यावर, जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हाच तो कागद निकामी. देशातल्या साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, तेव्हा ही अडचण अपवादात्मक नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी पालक आणि व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या नव्या कायद्यानं उपचारांबाबत आगाऊ सूचना आणि नामनिर्देशित प्रतिनिधी या चांगल्या गोष्टी आणल्या. मालमत्तेच्या पालकत्वाचा तो भाग मात्र गेला.

त्यामुळे बँकेतल्या ठेवी दोघांपैकी कोणालाही काढता येतील अशा संयुक्त खात्यात असणं आणि नामनिर्देशन भरलेलं असणं याला फार महत्त्व आलं. नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नोंदवता येतात. नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारणारा असतो, वारस ठरत नाही, हे १९८४ पासून न्यायालयं सांगत आली आहेत, तरी भावाभावांत यावरून भांडणं होतातच. उपचार कुठवर करायचे याची इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

यातलं काहीच वेळेत केलं नाही, तर स्मृती गेलेल्या आईच्या नावची ठेव मोडायला किंवा जमिनीचा व्यवहार करायला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. आजवर त्यासाठी कोकणातून मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गाची प्रकरणं आता तिथं चालतात; रायगडकरांना मुंबईच.