डीलर नेमका कुणाचा? मोटारविक्रीच्या कायद्यांची पार्श्वभूमी

२०२१ साली सहा महिन्यांच्या अंतराने मोटारविक्रीबद्दलचे दोन निकाल आले. पहिला फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयाचा. गोव्यातल्या एका गिऱ्हाइकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले होते. डीलरने पुढे केलेली गाडी मात्र २००९ साली बनलेली, ओरखडे पडलेली आणि ६२२ किलोमीटर फिरलेली निघाली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सगळ्यांनी डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. कंपनी आणि डीलर यांचं नातं धनी-गुमास्त्याचं नाही, दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे. डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला त्यात गोवता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

दुसरा निकाल ऑगस्टातला, भारतीय स्पर्धा आयोगाचा. मारुती सुझुकीला २०० कोटी रुपये दंड. या प्रकरणाची सुरुवात २०१७ मधल्या एका निनावी ई-मेलने झाली. पाठवणाऱ्याने स्वतःला मारुतीचा डीलर म्हटलं होतं आणि तक्रार होती मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातल्या विक्रीची. कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा एक रुपयाही जास्त सूट द्यायची नाही, दिली तर दंड. पाळत ठेवण्याची व्यवस्थाही चोख होती. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, सेल्समनशी घासाघीस करायची आणि त्याने जास्तीची सूट कबूल केली की त्याचं रेकॉर्डिंग वरपर्यंत पोचायचं. मग डीलरला खुलासा मागणारा मेल. खुलासा पटला नाही तर डीलरशिपला दंड, वर तिथल्या कर्मचाऱ्यांनाही. मारुतीने या आदेशाविरुद्ध अपील केलं.

कंपन्या वेगळ्या, कायदे वेगळे, हे मान्य. तरी दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की या धंद्याची मूळ गाठ हाती लागते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की डीलर स्वतंत्र व्यापारी. त्याच व्यापाऱ्याने स्वतःच्या नफ्यातून दहा हजार सोडले की तो कंपनीचा बेशिस्त नोकर. मोटारविक्रीचे नियम एकाच वेळी, एका हेतूने कधी लिहिले गेले नाहीत. दर वेळी एखादा प्रश्न पेटला आणि त्याच्यापुरता कायदा झाला.

पहिला प्रश्न टंचाईचा होता. ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्यावरच बाजार संपत होता तेव्हा डीलरला गाडी विकण्यासाठी काही करावं लागत नसे. नाही म्हणणं हेच त्याचं मुख्य काम. नंबर लागायला वर्षं जायची आणि नंबर लागलेली गाडी ‘ऑन’, म्हणजे किमतीवर वरचे पैसे, घेऊन दुसऱ्याला खपवणं हा जोडधंदा होऊन बसला होता. म्हणून सरकारने १९५९ मध्ये मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. डीलरने नोंदवही ठेवायची आणि क्रमाने गाडी द्यायची, हा त्याचा गाभा. १९६९ मध्ये किंमतही सरकारने बांधून दिली. त्याविरुद्ध प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि इतर उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ च्या अखेरीस न्यायालय एका मोटारीचा रास्त भाव किती, याचा हिशेब करत बसलं. आज हे वाचताना गंमत वाटते. गाडीचा दर्जा, वॉरंटी किंवा सर्व्हिसिंग यांबद्दल गिऱ्हाइकाला हक्क असावेत, हे मात्र या सगळ्यात जवळपास कुणाच्या मनातच नव्हतं. हातात गाडी पडली हेच भाग्य.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. लोकांनी दहा-दहा हजार भरून नंबर लावले, म्हणजे रांग तीच, फक्त आता ती शिस्तीत चालू लागली. त्याच सुमारास कायद्याचा रोखही बदलला. मक्तेदारीविरोधी कायद्यात १९८४ मध्ये ‘अनुचित व्यापार प्रथा’ ही कल्पना आली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. आता दोषपूर्ण गाडी, खोटी जाहिरात, अडकवून ठेवलेली अनामत यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागता येऊ लागली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनी डीलरची प्रशासकीय बाजू बांधली. त्यात मुख्य म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेली गाडी डीलरला कामापुरती रस्त्यावर काढू देणारा परवाना. हे प्रमाणपत्र पूर्वी दर वर्षी नव्याने घ्यावं लागे. सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने मुदत पाच वर्षांची झाली आणि आरटीओच्या फेऱ्या कमी झाल्या.

नव्वदीनंतर रांग संपली आणि नफ्याची जागा सरकली. नुसत्या गाडीत फारसं सुटत नाही म्हटल्यावर कमाई कर्ज, विमा, ॲक्सेसरीज आणि वर्कशॉपकडे वळली. कोटेशनचा कागद लांब झाला तो इथे. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘हँडलिंग चार्जेस’. गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घेण्याला कायद्यात आधार नाही. परिवहन खात्यांनी वेळोवेळी पत्रकं काढली. ओळ गेली आणि दुसऱ्या नावाने परत आली. विम्याच्या बाबतीत नियामकाने जास्त नेटाने काम केलं. डीलर विमा विकतो हे उघड गुपित होतं, पण कागदावर तो कुणीच नव्हता. नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला नाव दिलं, कमिशनवर मर्यादा घातली आणि पॉलिसी कुठून घ्यायची ते गिऱ्हाईक ठरवेल, असं बजावलं. प्रत्यक्षात ‘बाहेरून विमा घेतलात तर कॅशलेस होणार नाही’ हे वाक्य काउंटरवर ऐकू येतंच.

वर्कशॉपची बाजू स्पर्धा आयोगापुढे आली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या फक्त अधिकृत डीलरकडेच ठेवतात, नाक्यावरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत, हा आरोप होता. पुढे सवलतींवरच्या नियंत्रणासाठी ह्युंदाईला २०१७ मध्ये ८७ कोटींचा दंड झाला. तो २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला.

मधेच प्रदूषणाचा प्रश्न आला आणि त्याने डीलरला कॅलेंडरशी बांधलं. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाच्या, गाड्या विकायच्या नाहीत. उरलेल्या दोन दिवसांत दुचाकींच्या शोरूमपुढे जत्रा भरली. तीन वर्षांनी बीएस-४ ची मुदत नेमकी टाळेबंदीत संपली. न्यायालयाने उरलेल्या मालाचा दहा टक्के भाग विकायची सवलत दिली. विक्री त्याहून कितीतरी जास्त झाल्याचं दिसल्यावर जुलै २०२० मध्ये ती मागेही घेतली. साठा संपवायला मार्चअखेर गाड्या कागदोपत्री आपल्याच माणसांच्या नावावर चढवण्याचा प्रकारही तेव्हा चर्चेत आला.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी डीलरवर टाकली आणि नंबरप्लेट लागल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही, असं ठरवलं. अर्ज न केल्यास वार्षिक कराच्या पंधरापट किंवा पूर्ण आजीवन कराइतका, यातला जो जास्त असेल तो दंड. पाडव्याला आणि दसऱ्याला या नियमाची खरी परीक्षा होते. मुहूर्त साधायचाय, पेढे आणलेत, हार तयार आहे आणि नंबर आलेला नाही! अशा वेळी गाडी देऊन टाकण्याचा आग्रह बहुतेकदा गिऱ्हाइकाचाच असतो, हेही नोंदवायला हवं.

जुन्या गाड्यांचा बाजार सर्वांत शेवटी कायद्यात आला. गाडी विकली, पैसे घेतले, पण नाव बदललंच नाही आणि दोन वर्षांनी अपघाताची नोटीस मूळ मालकाच्या दारात, हा अनुभव नवा नाही. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने अशा विक्रेत्यांना अधिकृत होणं बंधनकारक केलं. एप्रिल २०२३ पासून गाडी ताब्यात दिल्याचं मालकाने आरटीओला कळवलं की तिची जबाबदारी विक्रेत्याची. त्याला प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंदही ठेवावी लागते.

गिऱ्हाइकाची बाजू अशी बरीच सावरली गेली. कंपनी आणि डीलर यांच्यातली बाजू तशीच राहिली. अमेरिकेत कंपनीच्या मनमानीविरुद्ध डीलरला कोर्टात जाण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा १९५६ पासून आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोर्डचे १७० डीलर आणि त्यांच्याकडची सुमारे ४० हजार माणसं अडचणीत आल्याचं डीलरांच्या ‘फाडा’ या संघटनेने तेव्हा सांगितलं. किती भरपाई मिळणार, हे कंपनीशी बोलूनच ठरणार होतं. डीलरच्या हातातल्या करारात तो स्वतंत्र व्यापारी होता.